गुपित न सांगता

माझ्या लॅपटॉपच्या एका आडबाजूच्या फोल्डरात दोन फायली शेजारी शेजारी पडून आहेत. नाव एकच, फक्त एकीला शेवटी 'डॉट पब' असे शेपूट आहे. ही शेपटीवाली फाइल उघडली की आत एकच ओळ दिसते. सुरुवातीला किल्लीच्या प्रकाराचे नाव, मग 68 अक्षरांची, वाचून काहीच बोध होणार नाही अशी माळ, आणि शेवटी ही किल्ली कोणी, कोणत्या मशीनवर तयार केली याची टीप. ही ओळ मी कोणालाही द्यायला तयार आहे. गावच्या चावडीवर लिहून लावली तरी माझे काही बिघडणार नाही. दुसरी फाइल मात्र मी आजवर कोणाला दाखवलेली नाही. ज्या सर्व्हरवर मी दिवसातून पंधरा-वीस वेळा लॉगिन करतो, त्यालाही नाही. आणि तरी तो सर्व्हर मला दर वेळी बिनचूक ओळखतो.

गुपित माझ्याजवळ आहे एवढे समोरच्याला पटवायचे, पण गुपित सांगायचे नाही. माणसामाणसांच्या व्यवहारात हे जमणे कठीण. संगणकांच्या जगात मात्र ते गेली काही दशके अहोरात्र चालू आहे, आणि त्यामागचे गणित शाळेतल्या गुणाकार-भागाकारापासून सुरू होते. विसाव्या शतकाने दिलेल्या सर्वांत देखण्या कल्पनांमध्ये मी हिची गणना करतो. म्हणून या प्रकरणात जरा सावकाश जाऊ या.

आधी पासवर्डकडे पाहू. पासवर्डवरून बोलणी बसतात ती बहुतेक वेळा माणसाच्या आळसाला: वाढदिवसाची तारीख ठेवली, सगळीकडे एकच ठेवला, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवला. या चुका खऱ्याच आहेत, पण मूळ दोष वेगळा आहे. पासवर्ड कितीही लांब आणि अवघड ठेवा, तो माहीत असल्याचे सिद्ध करायचे तर तो सांगावाच लागतो. ओळख पटवण्याच्या प्रत्येक खेपेला गुपित आपल्या हातून सुटते आणि समोरच्याच्या हातात पडते. वाटेत कोणी ऐकले तर गेले. समोरचा खोटा निघाला तर गेले. समोरचा खरा पण गलथान निघाला तरी गेले. 2009 च्या डिसेंबरात रॉकयू या अमेरिकी कंपनीचा डेटाबेस फुटला, तेव्हा सुमारे 3 कोटी 20 लाख पासवर्ड जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत बाहेर आले. जबाबदारीने काम करणाऱ्या कंपन्या पासवर्डाऐवजी त्याचे एकतर्फी गणिती रूप, म्हणजे हॅश, साठवतात. पण लॉगिनच्या क्षणी खरा पासवर्ड बहुतेक ठिकाणी त्यांच्या मशीनपर्यंत पोचतोच.

1995 साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कोणीतरी असेच कान लावून बसले होते. त्या काळी दूरच्या संगणकावर काम करायला टेलनेट वापरत, आणि टेलनेट नाव-पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे उघडे पाठवत असे. चोरून बसवलेल्या एका प्रोग्रामने हजारो नावे आणि पासवर्ड टिपून घेतले होते. तिथले तरुण संशोधक तातू यूलोनेन यांनी त्यावर उतारा म्हणून एक नवा प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिले सिक्युअर शेल, म्हणजेच एसएसएच. टेलनेटचा पोर्ट 23, फाइली पाठवण्याच्या एफटीपीचा 21, आणि मधला 22 रिकामा. यूलोनेन यांनी 10 जुलै 1995 रोजी मेल करून तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी तो मिळालासुद्धा. आजही जगभरचे सर्व्हर त्याच 22 क्रमांकाच्या दारातून आत घेतात. वर्ष संपायच्या आत 50 देशांतले सुमारे 20,000 लोक हा प्रोग्राम वापरू लागले होते.

एसएसएचने दोन गोष्टी केल्या. सगळे संभाषण कुलूपबंद केले, ही पहिली, आणि तिचीच वाहवा जास्त झाली. दुसरी गोष्ट म्हणजे पासवर्ड मुळात न पाठवता लॉगिन करायची सोय. मला ती अधिक खोल वाटते.

ओळखीच्या खुणेचा प्रश्न जुना आहे. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच तो आहे. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण. शकुंतलेच्या बोटातली अंगठी पाण्यात पडली आणि तिची ओळखच हरवली. पुढे तीच अंगठी माशाच्या पोटातून एका कोळ्याच्या हाती आली आणि शिपायांनी त्याला चोर ठरवून बांधून आणले. आपण कोणाच्या हातात आहोत हे अंगठीला कळत नाही. पासवर्डलाही कळत नाही. ज्याला सापडेल त्याचा तो.

याहून जवळचा दाखला मराठी दप्तरांत आहे. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या पत्रांवर माथ्याला मुद्रा असे आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी त्यात ओळ घुसडू नये. शिक्कामोर्तब हा शब्द आपल्या तोंडी आला तो तिथून. त्या पद्धतीत एक मोठी गोष्ट साधली होती: ठसा पाहून ओळखता येतो कोणालाही, उमटवता येतो तो मात्र ज्याच्यापाशी मुद्रा आहे त्यालाच. उणीव एवढीच, की ठसा समोर आला की कसबी कारागीर त्यावरून तशीच मुद्रा कोरू शके. शिवाय प्रत्येक पत्रावर ठसा तोच. आता अशी मुद्रा कल्पा की जिचा ठसा पत्रातल्या मजकुराप्रमाणे दर वेळी बदलतो, कोणालाही तपासता येतो, आणि असे हजार ठसे गोळा केले तरी मुद्रा कशी आहे याचा माग लागत नाही. धातूची अशी मुद्रा घडणार नाही. संख्यांची घडते.

ही कल्पना 1976 साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एका निबंधात जाहीरपणे मांडली. कल्पना होती, प्रत्यक्ष मुद्रा नव्हती. ती पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेन ॲडलमन या तिघांनी घडवली. आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. ब्रिटिश सरकारच्या गुप्तलेखन खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांनी जवळपास हेच 1973 साली शोधून काढले होते, पण ते सरकारी गुपित ठरले आणि 1997 पर्यंत जगाला कळले नाही. त्यांच्या श्रेयाला चोवीस वर्षे थांबावे लागले, याची मला आजही हळहळ वाटते.

मुद्रा चालते कशी ते लहान आकड्यांवर पाहू. कागद-पेन्सिल जवळ घ्या. 3 आणि 11 या दोन मूळ संख्या घेतल्या, गुणाकार 33. मी जगाला दोन आकडे जाहीर करतो, 33 आणि 3. ही माझी सार्वजनिक किल्ली. स्वतःजवळ तिसरा आकडा लपवून ठेवतो, 7. ही खासगी किल्ली. नियम एकच: संख्येचा घात करायचा, 33 ने भागायचे आणि फक्त बाकी ठेवायची.

सर्व्हर म्हणतो, 2 या संख्येवर सही कर. मी माझा लपवलेला 7 वापरतो. 2 चा सातवा घात 128. त्याला 33 ने भागले की बाकी उरते 29. मी 29 पाठवून देतो. सर्व्हरला 7 ठाऊक नाही, त्याच्याकडे जाहीर झालेला 3 आहे. तो 29 चा घन करतो: 24,389. यातून 33 गुणिले 739, म्हणजे 24,387 वजा केले की उरतात 2. त्याने दिलेला आकडा त्याला परत मिळाला. 7 जवळ असल्याखेरीज मला 29 काढता आले नसते, हे त्याला पटले. आणि 7 तर त्याने पाहिलाच नाही. 5 घेऊन स्वतः करून पाहा. सही 14 यायला हवी.

हा 7 आला कुठून? 3 आणि 11 मधून एकेक वजा करून गुणले की 20 होतात. जाहीर 3 ला ज्याने गुणले असता 20 ने भागून बाकी 1 उरते, तो आकडा 7. कारण 3 गुणिले 7 म्हणजे 21. तेव्हा ज्याला 3 आणि 11 ठाऊक आहेत त्याला 7 चुटकीसरशी मिळतो. ज्याला फक्त 33 ठाऊक आहे, त्याने आधी त्याचे अवयव पाडले पाहिजेत. 33 चे अवयव शाळकरी मूलही पाडेल. पण खऱ्या वापरात ही संख्या 617 अंकी असते. दोन प्रचंड मूळ संख्या गुणायला संगणकाला क्षणही लागत नाही. गुणाकारावरून त्या दोन परत शोधायच्या तर आजच्या संगणकांना झेपेल असा मार्ग कोणाला सापडलेला नाही. सारी सुरक्षा या एका विषमतेवर उभी आहे.

ती किती भक्कम आहे याची परीक्षा जाहीरपणे झाली. ऑगस्ट 1977 च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात मार्टिन गार्डनर यांनी या तिघांनी दिलेली एक 129 अंकी संख्या छापली आणि फोडणाऱ्याला तिघांनी ठेवलेले 100 डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ती फुटली 1994 च्या एप्रिलात, सुमारे 600 स्वयंसेवकांनी आपापले संगणक आठ महिने कामाला लावल्यावर. 2020 साली 250 अंकी संख्या फोडली गेली. 617 अंकांपर्यंतची वाट अजून फार लांब आहे, कारण अंक थोडे वाढले की काम कितीतरी पट वाढते.

इथे एक भारतीय काम आठवते. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे हमखास आणि झटपट ठरवता येते का, हा जुना प्रश्न 2002 साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सोडवला. उत्तर 'हो' आले. किल्ल्या बनवताना प्रत्यक्षात त्याहून वेगवान, संभाव्यतेवर बेतलेल्या चाचण्या वापरतात, पण यातून दिसणारा फरक मोलाचा आहे. संख्या मूळ नाही हे कळणे सोपे. तिचे अवयव कोणते हे कळणे अवघड.

माझी 68 अक्षरांची ओळ मात्र आरएसएची नाही. ती एलिप्टिक कर्व्ह नावाच्या वेगळ्या गणितावर बनली आहे. तिथे अवयव पाडण्याऐवजी दुसरे तितकेच एकतर्फी कोडे वापरतात आणि किल्ली खूपच लहान होते. तिच्या नावात 25519 हा आकडा येतो, कारण 2 चा 255 वा घात वजा 19 या मूळ संख्येवर ते गणित चालते. तत्त्व तेच: तपासणे सर्वांना, उमटवणे एकालाच. म्हणून 'सार्वजनिक किल्ली' यातला 'किल्ली' हा शब्द जरा फसवा आहे. लॉगिनपुरते बोलायचे तर ती काही उघडत नाही. ती ठसा तपासायचा नमुना आहे.

आता प्रत्यक्ष लॉगिन जवळून पाहू. मी कमांड देतो. माझा लॅपटॉप आणि सर्व्हर प्रथम डिफी-हेलमन पद्धतीने त्या बैठकीपुरते एक सामायिक गुपित ठरवतात आणि पुढचे बोलणे कुलूपबंद होते. त्या ठरवाठरवीतूनच एक ओळखक्रमांक निघतो. दर बैठकीला तो नवा असतो. मग लॅपटॉप म्हणतो, मी अमुक नावाचा वापरकर्ता, माझी सार्वजनिक किल्ली ही. सर्व्हर माझ्या नावाखाली ठेवलेली एक साधी फाइल उघडतो. कोणाकोणाला आत घ्यायचे त्यांच्या सार्वजनिक किल्ल्या तिच्यात ओळीने लिहिलेल्या असतात. किल्ली यादीत असेल तर तो म्हणतो, सही दाखव. लॅपटॉप बैठकीचा ओळखक्रमांक, माझे नाव आणि इतर तपशील एकत्र करून त्यावर खासगी किल्लीने सही करतो. सर्व्हर ती तपासतो. दार उघडते. हे सगळे पापणी लवायच्या आत.

यातली मेख ओळखक्रमांकात आहे. माझी सही कोणी टिपून ठेवली आणि उद्या तीच पुढे केली, तर उद्याच्या बैठकीचा क्रमांक वेगळा, सही निरुपयोगी. एखाद्या लबाड सर्व्हरने माझ्याकडून सही घेऊन ती दुसऱ्या सर्व्हरपुढे ठेवली, तरी तिथली बैठक वेगळी. आणि सर्व्हरची ती यादी चोराने पळवली, तर त्याच्या हाती ठसे तपासायचे नमुने लागतील, मुद्रा नाही. प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या गिटहब या साइटवर तर कोणत्याही सभासदाच्या पानाच्या पत्त्याला 'डॉट कीज' जोडले की त्याच्या सार्वजनिक किल्ल्या सरळ वाचायला मिळतात. पासवर्डच्या बाबतीत असे काही कल्पनेतही आणता येणार नाही.

खासगी किल्लीची फाइल मात्र जिवापाड जपावी लागते. ती मशीनवरच्या इतरांना वाचता येते असे दिसले, तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतो. फाइलीला वेगळा पासफ्रेज लावता येतो, आणि तो लावावाच. तो फक्त फाइल उघडण्यापुरता असतो, लॅपटॉपबाहेर जात नाही. एकदा एका नव्या सहकाऱ्याला मी म्हटले, "तुझी की पाठव, सर्व्हरवर टाकतो." त्याने मेलला दोन्ही फायली जोडून पाठवल्या. मी लगेच फोन केला, "अरे, फक्त डॉट पबवाली पाठवायची असते." तो म्हणाला, "मग दुसरी डिलीट करा ना सर." पण मेल किती सर्व्हरांवरून फिरून आला, कुठे कुठे त्याच्या प्रती राहिल्या, हे कोण सांगणार? ती जोडी आम्ही मोडीत काढली आणि त्याच्याकडून नवी बनवून घेतली. चूक माझीही होती. 'की पाठव' एवढेच म्हणणे पुरेसे नव्हते.

गणित भक्कम असूनही घात होतो तो बहुधा असा, गणिताच्या बाहेर. सर्वांत मोठे उदाहरण डेबियनचे. खासगी किल्ली म्हणजे शेवटी एक प्रचंड मोठी, कोणालाही अंदाज न येणारी संख्या. ती बनवायला संगणकाला कुठून तरी अस्सल यदृच्छा, अनिश्चितता गोळा करावी लागते. 2006 साली डेबियन या लिनक्स प्रणालीत, तपासणीच्या एका साधनाने तक्रार केली म्हणून, किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीतली ओळ बंद केली गेली. हेतू स्वच्छतेचा होता. परिणाम असा झाला की बाकीची सारी अनिश्चितता गळून पडली आणि उरला फक्त चालू प्रोग्रामचा क्रमांक, जो 32,768 च्या पुढे जात नसे. म्हणजे एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जगात जेमतेम बत्तीस-तेहतीस हजारच बनू शकत होत्या. अवयव पाडायची गरजच नाही; सगळ्या किल्ल्या आधीच बनवून ठेवायच्या आणि एकेक लावून पाहायची. डेबियनचेच एक प्रोग्रामर लुचियानो बेल्लो यांच्या हे लक्षात आले आणि 13 मे 2008 रोजी जाहीर सूचना निघाली. जवळजवळ वीस महिने लोक उघड्या तिजोरीला कुलूपबंद समजत होते. बाहेरून त्या किल्ल्या इतर कोणत्याही किल्ल्यांसारख्याच दिसत, ही त्यातली भयंकर गोष्ट.

ओळख सर्व्हरनेही पटवायची असते. त्याचीही किल्ल्यांची जोडी असते, आणि पहिल्यांदा जोडताना एसएसएच तिचा ठसा दाखवून विचारतो: हाच का? बहुतेक जण न वाचता 'यस' टाइप करतात. मीही वर्षानुवर्षे केले. पुढच्या वेळी ठसा बदललेला दिसला की तो मोठ्या अक्षरांत धोक्याची सूचना देऊन थांबतो. मार्च 2023 मध्ये गिटहबची अशी एक खासगी किल्ली चुकून थोडा वेळ उघड्यावर आली, कंपनीने ती ताबडतोब बदलली, आणि जगभरच्या प्रोग्रामरांच्या पडद्यावर एकाच दिवशी ती सूचना झळकली. त्या दिवशी मी पहिल्यांदा जाहीर झालेला ठसा आणि पडद्यावरचा ठसा अक्षर-अक्षर लावून पाहिले.

ही सगळी व्यवस्था आता सर्व्हर सांभाळणाऱ्यांपुरती राहिलेली नाही. 2019 च्या मार्चमध्ये वेबऑथन हे मानक ठरले आणि 2022 पासून ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांनी ते 'पासकी' या नावाने फोन-संगणकांत आणले. पासकी म्हणजे हीच किल्ल्यांची जोडी. खासगी भाग फोनच्या सुरक्षित कप्प्यात किंवा त्या कंपनीकडच्या आपल्या खात्याच्या कुलूपबंद साठ्यात, सार्वजनिक भाग वेबसाइटकडे. बोटाचा ठसा फोनच्या बाहेर जात नाही. तो फक्त फोनला सही करायची परवानगी देतो. आणि किल्ली वेबसाइटच्या नावाला बांधलेली असते. एरवी फसवणूक अशी होते: केवायसी बंद झाल्याचा मेसेज येतो, लिंक दाबली की बँकेच्या साइटसारखी हुबेहूब साइट उघडते, आपण पासवर्ड टाकतो, ओटीपीही टाकतो, आणि पलीकडचा माणूस त्याच मिनिटाला तो खऱ्या साइटवर वापरतो. ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून कितीही बजावले तरी हे घडते, कारण फसलेल्या माणसाने तो 'कोणाला' सांगितलेला नसतो, बँकेलाच दिला असे त्याला वाटत असते. पासकी असती तर ब्राउझरने साइटचे नाव पाहिले असते, एका अक्षराचा फरक त्याच्या नजरेतून सुटला नसता, आणि त्या नावाची किल्लीच न सापडल्याने तिथे द्यायला काही उरलेच नसते. म्हातारी माणसे आयुष्यभराची पुंजी अशी गमावताना पाहिली की वाटते, हे जरा आधी घरोघरी पोचायला हवे होते.

एक गोष्ट मात्र गणित करत नाही. ही सही त्या किल्लीचीच आहे, एवढे ते निःसंशय सांगते. किल्ली कोणाची, हे सांगत नाही. सर्व्हरवरच्या त्या यादीत प्रत्येक ओळीच्या शेवटी टीप असते, 'अमुक ॲट तमुक लॅपटॉप'. ती कोणीही काहीही लिहू शकतो, सर्व्हर तिच्याकडे पाहतही नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी मी ती फाइल उघडतो आणि फक्त टिपा वाचतो. गेल्या खेपेला एका ओळीशी थांबलो. नाव ओळखीचे होते. गडी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेला. त्याचा पासवर्ड आम्ही त्याच दिवशी बंद केला होता. किल्ली राहून गेली. त्याला फोन लावला, ख्यालीखुशाली विचारली, आणि विचारले, तुझ्या जुन्या लॅपटॉपचे काय झाले? म्हणाला, विकला, तेव्हाच. मी फोन चालू ठेवूनच ती ओळ पुसली आणि फाइल सेव्ह केली.